कालव्यांच्या गावी दोन रात्री

आपण गाव सोडून बाहेर जातो ते कशासाठी? लग्नाला, मयताला, बाजाराला, नाहीतर वारीला. चार दिवस विसावा घ्यावा, नवा मुलूख पाहावा, एवढ्याचसाठी घराबाहेर पडणारे थोडे. पुष्कळ जण म्हणतात, "ते पैसेवाल्यांचे काम. आपल्याला कुठे परवडते?"

आम्हाला हे तितकेसे पटत नाही. पैसा लागतो, हे खरे. पण पैशाच्या आधी आखणी लागते. आखणी नसली की शंभराच्या जागी तीनशे जातात. मग परत आल्यावर कर्जाचा हप्ता दारात उभा राहतो. अशी सहल न केलेली बरी. या पाठात आम्ही एक गाव निवडले आहे. दोन जोडप्यांनी, म्हणजे चार माणसांनी, कर्ज न काढता तिथे कसे जाऊन यावे, ते पाहू.

गावाचे नाव आलप्पुळा. जुन्या लोकांच्या तोंडी ते अलेप्पी म्हणून आहे. हे गाव केरळ राज्यात आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला वेंबनाड नावाचे भले मोठे सरोवर. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव वसले आहे. गावातून कालवे वाहतात. कालव्याच्या दोन्ही काठांनी रस्ते, आणि ठिकठिकाणी लहान लहान पूल. युरोपात इटली देशात व्हेनिस म्हणून एक जुने शहर आहे. तिथे रस्त्यांच्या जागी पाणीच आहे. त्यावरून आलप्पुळ्याला 'पूर्वेचे व्हेनिस' म्हणू लागले. खरे सांगायचे तर आलप्पुळ्याला उसन्या नावाची गरज नाही. त्याची स्वतःची गोष्ट पुरेशी मोठी आहे.

कालवे कशाला खणले?

आपल्याकडे कालवा म्हटला की शेताचे पाणी डोळ्यांपुढे येते. आलप्पुळ्याचे कालवे शेतासाठी नाहीत. ते मालाच्या वाहतुकीसाठी खणले.

त्या वेळी तिथे त्रावणकोर संस्थान होते. कार्तिक तिरुनाल रामवर्मा हे राजे. लोक त्यांना धर्मराजा म्हणत. त्यांच्या कारकिर्दीत, १७६२ साली, आलप्पुळ्याचे बंदर सुरू झाले. पुढे संस्थानचे दिवाण झालेले केशवदास हे मोठे कर्तबगार गृहस्थ. डोंगराकडचा माल समुद्रापर्यंत यावा कसा, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. मिरी, सुंठ, वेलदोडे, खोबरे, काथ्या असा तो माल. बैलगाडीची वाट धड नव्हती. पण नद्या सरोवराला मिळत होत्या, आणि सरोवर गावाच्या पाठीशी होते. मग सरोवरापासून बंदराच्या दिशेने शेजारी शेजारी दोन कालवे काढले. त्यांतल्या एकाला आजही व्यापारी कालवा म्हणतात. दुसरा वाडई कालवा.

डोंगरातून निघालेली होडी नदीने सरोवरात यायची, सरोवरातून कालव्यात शिरायची, आणि थेट वखारीच्या दाराशी लागायची. पोती उतरली की होडी मोकळी. केशवदासांनी कच्छ, सुरत, मुंबईकडचे व्यापारी बोलावून घेतले आणि त्यांना पेढ्या काढायला जागा दिल्या. संस्थानची गलबते मुंबई-कलकत्त्यापर्यंत माल नेऊ लागली. गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आणि त्यांची मंदिरे त्या गावात अजून दिसतात.

इथे एक नवल सांगितले पाहिजे. पावसाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर समुद्र खवळतो. बंदरे बंद पडतात. आलप्पुळ्याला मात्र काही वर्षी पावसाळ्यात किनाऱ्यालगत समुद्राचा एक भाग तळ्यासारखा शांत होतो. समुद्राच्या तळाचा मऊ चिखल वर येऊन पाण्यात मिसळतो आणि लाटांचा जोर खातो. भोवती दर्या उसळत असताना त्या जागी जहाज उभे राहू शके. कोळी लोकांना तर ती पर्वणीच, कारण मासळी तिथे गोळा होते. चिखलाने बंदर चालवले असे म्हटले तरी चालेल.

१८६२ साली किनाऱ्यावर दीपगृह बांधले. ते अजून उभे आहे. त्याच्या जिन्याने वर चढता येते. वरून पाहिले की एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे नारळीची झाडी दिसते. समुद्रात घुसलेला एक जुना धक्काही होता. त्याचे गंजके खांब आता पाण्यात उभे आहेत.

मग हे बंदर मागे का पडले? जवळच उत्तरेला कोची. तिथे खाडीचे तोंड खोल करून मोठे बंदर बांधले. १९२८ साली मोठे जहाज त्या बंदरात आत शिरले. जहाजाला धक्क्याची सोय कोचीत मिळू लागली. मग आलप्पुळ्यापाशी उघड्या समुद्रात कोण नांगर टाकणार? वखारी ओस पडल्या. कालव्यांत गाळ साचला, पाणवेलींनी पाणी झाकून टाकले. पुढे सफाई होत राहिली, तरी पाणवेल पुन्हा पुन्हा येते. तेव्हा चित्रातल्यासारखे निळे पाणी प्रत्येक कालव्यात मिळेल, अशी आशा धरून जाऊ नये. जुने कामाचे गाव पाहायला चाललो आहोत, असे मनात धरावे.

केव्हा जावे, कसे जावे

मुहूर्त चुकला तर खर्च वाढतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत शबरीमलाची यात्रा असते. केरळच्या गाड्या भक्तांनी भरून वाहतात. त्यातच नाताळ आणि इंग्रजी नवे वर्ष येते. खोल्यांचे भाडे चढते. एप्रिल-मे मध्ये उकाडा फार. जूनपासून पाऊस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पुन्हा पाऊस येतो. आमच्या मते जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उत्तम. हवा बरी असते. सरोवराकाठची भातशेती हिरवीगार असते. खरिपाचे धान्य घरात आलेले असल्यामुळे आपलाही हात थोडा मोकळा असतो.

होड्यांची नावाजलेली शर्यत पाहायची असेल तर गोष्ट वेगळी. १९५२ साली पंडित नेहरू आलप्पुळ्यास गेले, त्यांच्यासमोर शर्यत झाली. तिचे नाव पुढे नेहरू ट्रॉफी पडले. शंभर फुटांहून लांब, सापाच्या फण्यासारखे मागचे टोक वर उचललेले, अशा त्या होड्या असतात. एकेका होडीत शंभराच्या आसपास वल्हेकरी बसतात. ही शर्यत ऑगस्टात होते, पण अलीकडे तारीख मागेपुढे झालेली आहे. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव विचारू नयेत असे असतात. थोडक्या पैशात जाणाऱ्याने तो दिवस टाळावा.

आता गाडी. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून नेत्रावती एक्सप्रेस निघते. तिचा क्रमांक १६३४५, परतीच्या गाडीचा १६३४६. ही गाडी पनवेल, रत्नागिरी, मडगाव अशी कोकण रेल्वेने जाते आणि थेट आलप्पुळ्यास थांबते. दुपारी बसलो की दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते. दुसऱ्या काही गाड्या एर्नाकुलमपर्यंत जातात. तिथून आलप्पुळा पन्नास-पंचावन्न किलोमीटर. बस मिळते, गाडीही मिळते.

राखीव जागा प्रवासाच्या ६० दिवस आधी मिळू लागतात. नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. स्टेशनच्या खिडकीवर एक छापील अर्ज मिळतो. त्यात गाडीचा क्रमांक, तारीख, कुठून कुठे, प्रवाशांची नावे आणि वये लिहायची असतात. एका अर्जावर सहा नावे चालतात. हा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेऊ नका. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल, पण तारीख तुमच्या हाताने पडू द्या. दलाल अर्ज भरून देतो आणि वर शे-दोनशे मागतो. वर तारीख चुकली तर तो सापडत नाही.

इथे एक मेख आहे. सोमवारी जायचे आणि गुरुवारी परतायचे असेल, तर परतीचे तिकीट जाण्याच्या तिकिटापेक्षा तीन दिवस उशिरा खुले होते. खिडकीवर दोनदा जावे लागते. दोनदा जावे. परतीचे तिकीट हाती नसताना घर सोडू नये. वेटिंगच्या तिकिटावर राखीव डब्यात चढू नये, दंड होतो. ज्येष्ठांना भाड्यात मिळणारी सूट २०२० साली बंद झाली. मात्र वयस्क माणसांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना खालचा बाक मिळावा अशी सोय आहे. म्हणून वय खरे लिहावे. आधार कार्ड प्रत्येकाने जवळ बाळगावे.

हिशेब

आता वही घ्या. आम्ही आकडे सोपे धरले आहेत, आणि मुद्दाम थोडे चढे धरले आहेत. खरा आकडा तो, जो तिकिटावर आणि पावतीवर छापलेला असेल.

साध्या शयनयान डब्याचे भाडे माणशी ८०० रुपये धरू. जाणे-येणे मिळून १,६००. चार माणसांचे ६,४०० रुपये. सोमवारी निघालो तर मंगळवार आणि बुधवार अशा दोन रात्री तिथे मुक्काम. दोन खोल्या, एका खोलीला रात्रीचे १,००० रुपये, म्हणजे ४,००० रुपये. सोमवार ते शुक्रवार पाच दिवसांचे खाणे, माणशी दिवसाला ३०० रुपये. चौघांचे ६,००० होतात. बोटी, बस आणि रिक्षा यांना ८०० ठेवू. बेरीज झाली १७,२००. शिवाय १,८०० रुपये राखून ठेवायचे. औषधपाणी, चुकलेली बस, असल्या गोष्टींसाठी. एकूण १९,००० रुपये. माणशी ४,७५०.

एकदम ऐकले की आकडा मोठा वाटतो. तोच बारा महिन्यांवर पसरला तर माणशी महिन्याला ४०० रुपये पडतात. दिवसाला तेरा-चौदा रुपये. ते बचत गटात, बँकेत किंवा पोस्टाच्या बचत खात्यात वेगळे ठेवावे. घरच्या डब्यात ठेवलेले पैसे पोळ्यालाच संपतात, हे आम्ही सांगायला नको. बाराव्या महिन्यात रक्कम जमली तर जावे. नाही जमली तर तेराव्या महिन्याची वाट पाहावी. पण व्याजाने काढू नये.

आपल्या गावाहून पनवेलपर्यंतचे एस. टी. भाडे यात धरलेले नाही. महाराष्ट्रात २०२३ सालापासून एस. टी. मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, तेही ध्यानात घ्यावे. आणि एक बोलून टाकतो. पुरुषमंडळी सहलीला जातात आणि बाईमाणूस गुरांपाशी राहते, असे बहुतेक घरांत चालते. हिशेबात आम्ही दोन जोडपी धरली आहेत, ती उगाच नाही. दोन दिवस गुरांची व्यवस्था शेजाऱ्याकडे लावता येते. उद्या शेजारी जाईल तेव्हा त्याची गुरे आपण पाहू.

गावात उतरल्यावर

आलप्पुळ्याचे स्टेशन समुद्राजवळ आहे. बोटींचा धक्का गावाच्या दुसऱ्या बाजूस, सुमारे चार किलोमीटरवर. धक्क्याजवळच सरकारी बसचे स्थानक आहे. जिल्ह्याच्या पर्यटन खात्याची कचेरीही तिथेच जवळ. खोली धक्क्याच्या आसपास घ्यावी, म्हणजे रिक्षाचा खर्च वाचतो. आधी खोली पाहावी, नळाला पाणी येते का बघावे, मच्छरदाणी किंवा पंखा आहे का पाहावे, आणि मग भाव ठरवावा. पाण्याच्या गावात डास असायचेच. पावती मागून घ्यावी.

तिथे एक गंमत होते. आपण वाचायला शिकलो म्हणून खुशीत असतो, आणि केरळात उतरलो की पुन्हा निरक्षर! सगळ्या पाट्या मल्याळम लिपीत. आम्ही मास्तर असलो तरी आम्हालाही त्यातले एक अक्षर लागत नाही. पण घाबरायचे कारण नाही. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर नाव हिंदीतही असते, ते देवनागरीत. ते तुम्ही वाचू शकता. भावाचे आणि बसचे आकडे इंग्रजीत असतात. म्हणून निघण्यापूर्वी शून्यापासून नवापर्यंतचे इंग्रजी आकडे घोटून घ्यावेत. तेवढे आले की निम्मे काम झाले.

राहिलेले निम्मे काम चार शब्दांवर भागते. 'वेळ्ळम' म्हणजे पाणी. 'ऊण' म्हणजे जेवण. 'एत्र' म्हणजे किती. 'वेण्डा' म्हणजे नको. माणसाला हाक मारताना आपण दादा म्हणतो तसे ते 'चेट्टा' म्हणतात, आणि ताईला 'चेच्ची'. कुठे जायचे ते एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून नेले तर फार सोपे पडते. चिठ्ठी दाखवली की रस्त्यावरचा कोणीही वाचून वाट सांगतो. १९९१ साली केरळ हे पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. ती घोषणा मंत्र्याने नव्हे, तर चेलक्कोडन आयेशा या बाईंनी केली. त्या स्वतः मोठेपणी साक्षरतेच्या वर्गात लिहावाचायला शिकल्या होत्या.

सरकारी बोट

धक्क्यावर पाय ठेवला की माणसे भोवती जमतात. "हाऊसबोट पाहिजे? चांगली आहे, स्वस्त आहे." हाऊसबोट म्हणजे पाण्यावरचे घर. पूर्वी भात वाहणारे मोठे पडाव असत, त्यांचे हे नवे रूप. त्या पडावाच्या फळ्या खिळ्याने ठोकत नसत, काथ्याच्या दोरीने शिवत असत. त्यावरूनच त्याला 'केट्टुवळ्ळम' म्हणजे बांधलेली होडी म्हणतात. पाहायला सुंदर. पण रात्रीच्या मुक्कामाला कित्येक हजार रुपये लागतात. आपली सगळी सहल ज्या पैशात होते, त्याचा मोठा वाटा एका रात्रीत जातो. शिवाय शेकडो बोटींच्या इंजिनांचे तेल आणि घाण सरोवरात मिसळते. काठच्या लोकांना तेच पाणी वापरायचे असते. म्हणून आम्ही म्हणतो, ती काठावरून पाहावी आणि 'वेण्डा' म्हणावे.

त्याच धक्क्यावर राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी लागतात. आपली एस. टी. जशी, तशी ती पाण्यावरची एस. टी. या खात्याची मुख्य कचेरीच आलप्पुळ्यात आहे. शाळेची मुले, मासळीवाल्या बाया, दवाखान्यात निघालेली म्हातारी, सगळे तिने जातात. तिकीट बोटीवर कंडक्टर देतो. कोट्टायम गावापर्यंत सुमारे अडीच तासांचा जलप्रवास होतो आणि माणशी पन्नास रुपयेही लागत नाहीत. इतका वेळ नसेल तर नेडुमुडी किंवा कावालमची बोट धरावी. दलाल सांगतो, "ती बोट आज नाही." त्याचे ऐकू नये. खिडकीवर जाऊन चौकशी करावी. शेवटची परतीची बोट किती वाजता, हे आधी विचारून वहीत टिपावे, नाहीतर रात्र बाहेर काढावी लागेल.

बोटीत कडेच्या जागेवर बसावे, पण हात बाहेर काढू नये. धक्क्याला लागताना बाजू घासते. उभे राहून फोटो काढू नयेत. तसेच काठावरच्या घरांत डोकावून पाहू नये. घाटावर बाया भांडी घासत असतात, मुले आंघोळ करीत असतात. ते त्यांचे अंगण आहे.

लहान कालव्यांत शिरायचे असेल तर वल्ह्याची होडी तासावर मिळते. चौघांत एक होडी तासभर घेतली तर फार जड नाही. भाव तासाचा की माणशी, हे बसण्यापूर्वी ठरवावे.

समुद्राखालची शेते

बोट गावाबाहेर पडली की कुट्टनाड नावाचा मुलूख लागतो. शेतकऱ्याने खास पाहावे असे हेच. तुम्ही बोटीत बसलेले असता, आणि बांधापलीकडचे भाताचे शेत तुमच्या पायांच्याही खाली दिसते. पाणी वर, शेत खाली! कुट्टनाडची जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा गुडघ्यापासून पुरुषभर खोल आहे. सरोवराच्या तळावर बांध घालून, आतले पाणी उपसून, ती शेते केलेली आहेत.

बांध कसा घालत? पाण्यात नारळाच्या आणि बांबूच्या खांबांच्या दोन रांगा ठोकायच्या. त्यांच्यामध्ये फांद्या, वाळू, आणि बुडी मारून काढलेला चिखल भरायचा. हे काम मजुरांनी छातीभर पाण्यात उभे राहून केले. पूर्वी पाणी उपसायला पायाने फिरवायची लाकडी चाके असत. एकेका चाकावर अनेक माणसे रात्रंदिवस चढत. पुढे इंजिने आली, आता विजेचे पंप. १९४० नंतर महायुद्धामुळे तांदळाची टंचाई पडली, तेव्हा सरोवराचे मोठे मोठे तुकडे असे आटवून लागवडीखाली आणले. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या शेतीला जगातल्या मोलाच्या परंपरागत शेतीत मान दिला.

एका शेतकऱ्याचा बांध फुटला तर शेजाऱ्याचेही पीक बुडते. म्हणून बांधाआतले सगळे शेतकरी मिळून पाणी उपसतात, मिळूनच पेरणीचा दिवस ठरवतात. आपल्याकडे एका विहिरीवरून भाऊबंद कोर्टात जातात, ते आठवले की हसू येते आणि वाईटही वाटते.

तरी सगळे गोड नाही. उन्हाळ्याच्या तोंडी समुद्राचे खारे पाणी सरोवरात चढते आणि भाताला मारक होते. ते अडवायला तण्णीरमुक्कम येथे दारांचा मोठा बांध घातला आहे. दारे बंद केली की भात वाचतो. पण पाणी कोंडते, पाणवेल माजते, आणि खाऱ्या पाण्यावर वाढणारी मासळी आणि शिंपल्या कमी होतात. शेतकरी म्हणतो दारे बंद ठेवा, कोळी म्हणतो उघडा. दोघांचेही पोट त्यावरच. २०१८ सालच्या महापुरात तर सगळे कुट्टनाड पाण्याखाली गेले. लाखो माणसे बोटींतून आणि ट्रकांतून छावण्यांत हलवावी लागली. तेव्हा काठावरचे एखादे घर पडके दिसले तर ते हौसेने तसे ठेवलेले नाही, हे समजून घ्यावे.

जेवण, देऊळ आणि काथ्या

दुपारी 'ऊण' मागावे. केळीच्या पानावर जाड तांबूस भात, सांबार, ताक, दोन-तीन भाज्या येतात. भात पुन्हा वाढतात. मासळी वेगळी मागावी लागते, तिचे पैसेही वेगळे. प्यायला कधी कधी गुलाबी, कोमट पाणी देतात. रंग पाहून कोणी तोंड वाकडे करतो. ते उकळलेले पाणी असते, त्यात पतंगाच्या लाकडाचे ढलपे टाकलेले असतात. खुशाल प्यावे. केरळात १९९८ सालापासून कुटुंबश्री नावाची बायकांच्या गटांची मोठी चळवळ आहे. त्या गटांच्या खानावळी बऱ्याच गावांत असतात. जेवण घरगुती आणि दर माफक. बचत गटातल्या बायांनी तिथे दोन घटका बसून त्यांचा कारभार पाहावा.

आलप्पुळ्याच्या दक्षिणेस बसने अर्ध्या-पाऊण तासावर अंबलप्पुळा आहे. तिथले कृष्णाचे देऊळ दुधाच्या पायसाच्या प्रसादासाठी नावाजलेले आहे. देवळात पुरुषांना सदरा काढून जावे लागते. उपरणे जवळ ठेवावे.

काथ्याशिवाय या गावाची गोष्ट पुरी होत नाही. नारळाची सोडणे महिनोन् महिने पाण्यात कुजवतात, मग ठोकून तंतू काढतात, आणि चाकावर सुंभ वळतात. हे वळण्याचे काम बहुतकरून बायांच्या हातचे. १८५९ साली जेम्स दॅरा नावाच्या अमेरिकन गृहस्थाने इथे काथ्याच्या चटया विणण्याचा पहिला कारखाना काढला. मजुरांची संख्या वाढली तशी मजुरांची दुःखेही वाढली. १९२२ साली याच गावात काथ्या कामगारांनी आपली संघटना उभारली. केरळातल्या पहिल्या कामगार संघटनांत तिची गणना होते. गावाच्या उत्तरेस कलवूर येथे काथ्या मंडळाचे संग्रहालय आहे. आपल्या वेंगुर्ल्याकडच्या माणसाला त्यात घरचीच वस्तू भेटेल.

घरी न्यायला काथ्याचे पायपुसणे घ्यावे. वजनाला हलके, चिखलाच्या दिवसांत उपयोगी, आणि प्रवासात फुटत नाही. दोन-तीन दुकानांत भाव विचारून मग घ्यावे. उलटून पाहावे. वीण घट्ट आहे का, आणि हाताने झटकल्यावर भुसा पडतो का, हे पाहावे.

गुरुवारी परतीची गाडी दुपारच्या सुमारास असते. नेमकी वेळ तिकिटावर पाहावी. धक्क्यापासून स्टेशन लांब, म्हणून दीड-दोन तास आधी खोली सोडावी. सकाळी लवकर उठलात तर जाता जाता समुद्राकाठी थोडा वेळ बसता येते. गाडीत खायला केळी आणि केळ्याचे वेफर गावातूनच घ्यावेत, गाडीत महाग पडतात. घरी आल्यावर राखीव १,८०० रुपयांतले जे उरले असतील ते चौघांत वाटून घ्यावेत. कोणाला किती दिले ते वहीत लिहून त्यापुढे ज्याची त्याची सही घ्यावी.